दिन की दीन? शब्द वाकवून बघा

‘शिक्षक दीनाच्या हार्दिक शुभेच्छा’ असा फलक सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आमच्या सांगलीत कुठे ना कुठे लागतोच. लावणाऱ्याच्या मनात निव्वळ आदर असतो. पण ‘दीन’ म्हणजे गरीब, लाचार, केविलवाणा. ज्या गुरुजींच्या सन्मानासाठी एवढा मोठा फलक छापला, त्यांनाच तो सगळ्या चौकासमोर लाचार ठरवतो, आणि हे सगळं एका वेलांटीमुळे होतं. मला ते वाचताना खरोखर वाईट वाटतं.

छापखान्यात मुद्रितं तपासणं हे माझं काम. खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या, काळात जुळाऱ्याने जुळवलेल्या मजकुराचं शाई न वाळलेलं प्रूफ हातात यायचं, आता व्हॉट्सॲपवर पीडीएफ येते. मधल्या काळात चुकांचे बरेच प्रकार नाहीसे झाले. उलटा बसलेला खिळा गेला, झिजलेला टाइप गेला. दिन आणि दीन यांच्यासारख्या जोड्यांची चूक मात्र जागच्या जागी आहे, उलट वाढली आहे. कारण साधं आहे. संगणक लाल रेघ ओढतो ती त्याच्या शब्दसंग्रहात नसलेल्या शब्दाखाली. इथे दोन्ही शब्द खरे, दोन्ही शब्दकोशात असलेले. रेघ येत नाही आणि लिहिणारा निर्धास्त होतो.

निमंत्रणपत्रिका, फलक, शाळेचा अहवाल, संस्थेची स्मरणिका, असं काहीही लिहिताना या जोड्या कशा ओळखायच्या, ते इथे सांगते. व्याकरणाचं पुस्तक पाठ नसलं तरी चालेल. शब्द मोठ्याने म्हणायची तयारी मात्र हवी.

कान कुठे फसतो

आपण ‘गुण’ लिहितो आणि ‘गूण’ म्हणतो. ‘विष’ लिहितो आणि ‘वीष’ म्हणतो. ‘तरुण’, ‘मंदिर’, ‘चतुर’ यांचंही तेच. शब्दाच्या शेवटचा ‘अ’ मराठी माणूस पुरता उच्चारत नाही, आणि त्याच्या आधीची इ किंवा उ आपोआप लांबवतो. आपल्या घरच्या मराठी शब्दांचं लेखन या उच्चाराला धरूनच आहे: तूप, खीर, वीट, फूल, गरीब, कठीण, सगळीकडे दुसरी वेलांटी किंवा दुसरा उकार. पण संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द, ज्यांना तत्सम म्हणतात, ते आपलं मूळचं लेखन सोडत नाहीत. म्हणून गुण, विष, दिन हे पहिलीचे. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखननियमांतही हीच व्यवस्था आहे. ते नियम १९६२ साली मान्य झाले, १९७२ मध्ये त्यांत भर पडली आणि एकूण १८ नियम झाले.

परिणाम असा, की ‘दिन’ आणि ‘दीन’ दोन्ही आपल्या तोंडून ‘दीन’च निघतात. ‘जसं बोलता तसं लिहा’ हा सल्ला इथे उपयोगाचा नाही. सरळ उभ्या शब्दात कानाला फरक सापडत नाही. तो सापडतो शब्द वाकवल्यावर.

वाकवा आणि ऐका

वाकवायचं म्हणजे शब्दाला ‘ला’, ‘चा’, ‘त’ यांपैकी काहीतरी लावायचं. असा प्रत्यय लागला की शेवटच्या ‘अ’चा ‘आ’ होतो आणि आधीच्या स्वराची ती उसनी लांबी निघून जाते. ‘महाराष्ट्र दिनाला ध्वजवंदन’, ‘प्रजासत्ताक दिनाचं संचलन’, हे मोठ्याने म्हणून बघा. ‘दि’ झटकन संपतो. आता ‘दीनांचा कैवारी’ म्हणा. इथे ‘दी’ लांब राहतो, त्याला आखडता येत नाही. म्हणून १ मेचा महाराष्ट्र दिन, २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, ५ सप्टेंबरचा शिक्षक दिन, ६ डिसेंबरचा महापरिनिर्वाण दिन, हे सगळे पहिली वेलांटीचे.

वाकवल्यावर तीन गोष्टी होऊ शकतात. ‘गीत’चं ‘गीतात’, ‘शरीर’चं ‘शरीरात’ होतं, म्हणजे लांबी टिकते. मग शब्द तत्सम आहे आणि दोन्ही रूपांत दुसरीच द्यायची. ‘फूल’चं ‘फुलाला’, ‘गरीब’चं ‘गरिबाला’ होतं. हा मराठी शब्द, सरळ असताना दुसरी आणि वाकल्यावर पहिली. तिसरा प्रकार ‘दिन’चा. तोही वाकल्यावर आखूड ऐकू येतो, पण सरळ असतानाही पहिलीच घेतो.

म्हणजे आखूड ऐकू आलं की काम अर्धंच झालं. शब्द ‘फूल’च्या घरचा की ‘दिन’च्या, हे अजून कळायचं असतं. त्यासाठी त्याचे नातेवाईक शोधा. दिनांक, दिनदर्शिका, दिनक्रम, दैनंदिन, दिनकर, दिनमणी: या जोडशब्दांत ‘दि’ आखूडच आहे आणि ते सगळे संस्कृत धाटणीचे आहेत. ‘दीनांक’ कुणी म्हणत नाही. इतके संस्कृत नातेवाईक सापडले, की शब्द तत्सम आहे असं खुशाल समजावं आणि सरळ रूपातही पहिली द्यावी.

‘दीन’चं गोत वेगळं: दीनदुबळा, दीनवाणा, दीनदयाळ, दीनानाथ. गोव्यात मंगेशीला १९०० साली जन्मलेल्या मास्टर दीनानाथ मंगेशकरांचं नाव कार्यक्रमपत्रिकांवर ‘दिनानाथ’ असं छापलेलं मी पाहते, तेव्हा हा फरक समजावून सांगावासा वाटतो. दीनानाथ म्हणजे दीनांचा नाथ, गरिबांचा वाली. दिवसाचा नाथ म्हणजे सूर्य, आणि त्याला शब्द आहे दिननाथ. दिनकर आणि दिनेश ही नावंही सूर्याची, म्हणून ती पहिलीनेच लिहायची.

एक सावधगिरी. ‘दैनिक’ आणि ‘दैन्य’ हे शब्द मदतीला घेऊ नका. दिनाचं दैनिक होतं आणि दीनाचं दैन्य होतं; दोघांचाही ‘दै’च होतो आणि मूळ वेलांटीचा माग पुसला जातो. इतिहासावर लिहिणाऱ्यांना आणखी एक ‘दीन’ भेटतो, अरबीतून आलेला, अर्थ धर्म. अकबराच्या ‘दीन-ए-इलाही’तला तो. त्यालाही दुसरीच.

ही एकच कसोटी हातात असली तरी पुष्कळ जोड्या सुटतात. लग्नाच्या हंगामात ‘दोन जिवांचं मीलन’ फार येतं. ‘मिलनाचा’ म्हणा, ‘मि’ आखूड आहे, म्हणून भेटीचा तो मिलन. ‘मीलन’ हा शब्दही आहे, पण त्याचा अर्थ मिटणं. डोळे मिटलेले ते निमीलित, उघडणं ते उन्मीलन. पत्रिकेवर जिवांचं मिटणं छापायचं नसतं. ‘गुरुकुल’ आपण ‘गुरुकूल’ म्हणतो आणि तसंच लिहितो. ‘गुरुकुलात’ म्हटलं की कळतं. कुल म्हणजे घराणं: कुलदैवत, कुलगुरू, कुलसचिव. कूल म्हणजे काठ, आणि तो ‘अनुकूल’, ‘प्रतिकूल’ या शब्दांत आहे. अनुकूल म्हणजे मुळात काठाच्या बाजूने जाणारं. ‘अनुकूलता’ म्हणताना ‘कू’ लांबच राहतो. ‘द्विप’ आणि ‘द्वीप’ यांतला द्विप म्हणजे हत्ती. तो सोंडेने आणि मग तोंडाने असं दोनदा पाणी पितो, म्हणून द्विप. बेट ते द्वीप. तेव्हा भूगोलाच्या वहीत ‘द्विपकल्प’ लिहू नये.

जिथे वाकवूनही कळत नाही

सगळ्यांत सुंदर गुंता ‘सूत’चा आहे. तो मुद्दाम सविस्तर सांगते, कारण एवढ्या एका शब्दात सगळ्या कसोट्या लागतात.

चरख्यावरचं, मागावरचं, ते सूत. मराठी शब्द, म्हणून सरळ असताना दुसरा उकार आणि वाकल्यावर ‘सुताचा’. सूतगिरणी, सूतकताई याच घरातल्या.

मुलगा या अर्थाचा ‘सुत’ तत्सम आहे, पहिल्या उकाराचा. पवनसुत म्हणजे हनुमान, पांडुसुत म्हणजे पांडव. हाही वाकल्यावर ‘सुताचा’च होतो. म्हणजे ‘सुताचा’ एवढं ऐकून धागा की मुलगा ते कळत नाही. इथे अर्थ विचारायचा आणि जोडशब्द बघायचा.

तिसरा सूत म्हणजे सारथी. हा तत्सम, पण दुसऱ्या उकाराचा, म्हणून वाकल्यावरही ‘सूताचा’. कर्णाला वाढवणारा अधिरथ सूत होता, म्हणून कर्ण सूतपुत्र. नैमिषारण्यात शौनकादी ऋषींना कथा सांगतात तेही सूत. आता हे सगळं लक्षात ठेवून ‘सुतपुत्र कर्ण’ वाचा. सुत म्हणजे मुलगा, त्याचा पुत्र म्हणजे नातू. ज्या एका शब्दाने कर्णाला भर सभेत आयुष्यभर डिवचलं, तो शब्दच हरवला आणि त्याच्या जागी कुणाचा तरी नातू उभा राहिला. गणेशोत्सवातल्या देखाव्याच्या संहिता माझ्याकडे तपासायला येतात, त्यांत हा शब्द आला की मी हटकून थांबते.

‘मूल’चं प्रकरणही जवळचंच आहे, आणि ते रोजच्या लिखाणात जास्त येतं. घरातलं मूल मराठी, म्हणून मुलाला, मुलांचा. मूळ अर्थाचं ‘मूल’ तत्सम, म्हणून मूलभूत, मूलद्रव्य, मूलगामी, मूलतः, समूल. इथे सगळीकडे दुसराच उकार. तरी सरकारी कागदापासून भाषणाच्या टिपणापर्यंत ‘मुलभूत सुविधा’ दिसतात. ही चूक का होते? माझ्या मते ती ‘मूळ’मुळे होते. ‘मूळ’ हा ळ असलेला मराठी शब्द वाकल्यावर ‘मुळात’, ‘मुळाशी’ असा आखूड होतो, आणि त्याची सवय हाताला लागलेली असते. हात तीच सवय ‘मूलभूत’वर चालवतो. मुळात ‘मुळात’ बरोबर आणि ‘मूलतः’ही बरोबर, एवढं एक वाक्य लक्षात ठेवलं की पुरे.

लिंग विचारा

काही जोड्या ‘तो, ती, ते’ लावताच वेगळ्या होतात. ‘ते शिर’ म्हणजे डोकं. शिरच्छेद, शिरस्त्राण, शिरोमणी, शिरसावंद्य. ‘ती शीर’ म्हणजे रक्त वाहून नेणारी. म्हणून डोक्यावर ते ‘शिरावर’ आणि नसेवर ते ‘शिरेवर’. अनेकवचनात ‘शिरा’ दिसल्या तर त्या शिरेच्या: शिरा ताणून बोलणं, हाताच्या शिरा दिसणं. वीरगाथेच्या फलकावर ‘शीर तळहातावर घेऊन लढले’ असं येतं, तेव्हा योद्ध्याने डोकं नाही, नस हातात घेतलेली असते.

‘निज’ आणि ‘नीज’ हीही अशीच जोडी. निज म्हणजे स्वतःचा: निजधाम, निजरूप. संतवाङ्मयात जागोजागी आहे. तो विशेषणासारखा पुढच्या नामाला चिकटून चालतो, त्याला स्वतःचं लिंग नसतं. ‘ती नीज’ म्हणजे झोप. नीज आली, निजेत बोलला. भजनी मंडळांच्या पुस्तिकांत ‘नीजधाम’ छापलं जातं. मी ते दुरुस्त करून देतेच, आणि शक्य असेल तिथे बुवांना अर्थही सांगते.

पूर आणि पुर, हा विषय सांगलीकराला टाळता येत नाही. कृष्णेचा पूर आम्ही २००५, २०१९ आणि २०२१ साली पाहिला. त्या दिवसांत आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी हाच गावाचा एकमेव विषय असतो. पूर हा मराठी शब्द: पुराचं पाणी, पुरात अडकलेले. पण जोडशब्दात, वाकलेला नसताना, पूरग्रस्त, पूररेषा, पूरनियंत्रण असा दुसराच उकार. ‘पुराचं’ लिहायची सवय ‘पुरग्रस्त’ लिहायला लावते, तिला आवर घालायचा. नगर या अर्थाचं ‘पुर’ तत्सम आहे: अंतःपुर, त्रिपुर, पुरवासी. मात्र गावांच्या नावांतलं ‘पूर’ मराठीने आपलं केलं आहे आणि नियमानेच ते दुसऱ्या उकाराने लिहायचं: कोल्हापूर, सोलापूर, नागपूर. वाकवलं की कोल्हापुरात, सोलापुराहून. त्यामुळे ‘कोल्हापुरात पूर’ हा मथळा शुद्ध आहे. त्यात एक ‘पु’ पहिला आणि एक ‘पू’ दुसरा दिसला, म्हणून कुणी त्याला चूक ठरवू नये.

जोडून बघा

काही शब्द शेवटच्या अक्षरात फसवतात. मराठीत एकटा उभा असलेला शब्द इ किंवा उ वर संपला, की आपण तो दीर्घ लिहितो. संस्कृतातला कवि मराठीत कवी, गुरु मराठीत गुरू. ‘आणि’, ‘परंतु’, ‘तथापि’ यांसारखी अव्ययं तेवढी अपवाद. पण हाच तत्सम शब्द समासात आधी आला, की मूळचा ऱ्हस्वपणा परत मिळवतो: कविराज, गुरुदक्षिणा, बुद्धिबळ.

यातून दोन ‘पाणी’ तयार होतात. प्यायचं पाणी मराठी, त्याची वेलांटी जोडशब्दातही दुसरीच: पाणीपुरवठा, पाणीपट्टी, पाणीटंचाई. हात या अर्थाचा ‘पाणि’ तत्सम, म्हणून पाणिग्रहण. वराने वधूचा हात हातात घ्यायचा, तो हा संस्कार. लग्नपत्रिकेत ‘पाणीग्रहण’ छापलं तर त्याचा अर्थ पाणी पिणं असा होतो. इतक्या हौसेने निवडलेला कागद, सोनेरी शाई, आणि नेमक्या त्या एका विधीच्या नावात पाणी. पत्रिका तपासताना मी हा शब्द सगळ्यांत आधी शोधते. ‘चक्रपाणी’ हे नाव एकटं आलं तर मात्र मराठीच्या नियमाने दीर्घच, कारण तिथे पाणि शेवटी आहे.

‘दारू’चंही असंच. फारसीतून आलेल्या दारूचा जुना अर्थ औषध. ‘दवादारू’ या शब्दात तो अजून जिवंत आहे. मग पिण्याची दारू आली, उडवण्याची दारू आली. दारूबंदी, दारूगोळा: दुसरा उकार. संस्कृतातला ‘दारु’ म्हणजे लाकूड. देवदार हा देवांचा वृक्ष त्यातूनच आला, पुरीच्या जगन्नाथाची लाकडी मूर्ती म्हणजे दारुब्रह्म, आणि दारुहळद ही हळदीसारख्या पिवळ्या लाकडाची औषधी वनस्पती. आमच्या बाजारपेठेत हळदीचे ढीग लागतात ती हळद निराळी. आयुर्वेदिक काढ्याच्या वेष्टनावर ‘दारूहळद’ छापलं, की वाचणाऱ्याला वाटतं औषधात दारू आहे. लेबल छापणाऱ्यांनी इथे फार जपावं.

‘आदि’ म्हणजे पहिला: आदिवासी, आदिमानव, आदिशक्ती. यादीच्या शेवटी इत्यादी या अर्थाने सुटा येतो तो ‘आदी’: गहू, ज्वारी, बाजरी आदी धान्यं. अगोदर या अर्थाचा ‘आधी’ तिसराच. आणि ‘व्यसनाचा आदी’ हे हिंदीतून शिरलेलं आहे. मराठीत माणूस व्यसनाच्या आहारी जातो, किंवा व्यसनाधीन होतो.

त्या ‘अधीन’वरही एक शब्द. तो ‘आधीन’ नाही. स्व आणि अधीन मिळून स्वाधीन, पर आणि अधीन मिळून पराधीन. त्या संधीतला ‘आ’ सुटा करून लोक ‘आधीन’ लिहितात. तो ‘आ’ संधीचा आहे, शब्दाचा नव्हे.

श्रद्धांजलीचे फलक

हे वेगळं काढून सांगते, कारण ते घाईत आणि रडत्या डोळ्यांनी लिहिले जातात. ‘चिर’ म्हणजे दीर्घकाळ टिकणारं: चिरशांती, चिरंतन, चिरंजीव. ‘चीर’ म्हणजे वस्त्र, जसं द्रौपदीचं चीरहरण. मराठीत चीर म्हणजे कापलेली फटही. ‘मृतात्म्यास चीरशांती लाभो’ यातली वेलांटी नुसती चुकीची नाही, ती दुखवणारी आहे. पाठवणाऱ्याला विचारत बसू नका, हा शब्द स्वतःच दुरुस्त करून द्या. याच कारणाने लग्नपत्रिकेत नवरदेवाच्या नावामागे ‘चि.’ असतं. तिथे ‘ची.’ कधीच नाही.

वेलांटी सारखी, अर्थ वेगळा

काही जोड्यांत वेलांटीचा प्रश्नच नसतो. परिणाम आणि परिमाण यांत अक्षरांची अदलाबदल आहे, आणि टंकताना ती बोटांकडून होऊन जाते. परिणामात ‘नम्’ धातू आहे, वळणं, बदलणं. एका गोष्टीचं दुसऱ्या गोष्टीत होणारं रूपांतर तो परिणाम. परिमाणात ‘मा’ धातू आहे, मोजणं. माप, मान, प्रमाण, मोजमाप हे सगळे त्याचे. ‘मा’ दिसला की मापाची आठवण ठेवा. शिवाय परिणाम ‘तो’ आणि परिमाण ‘ते’. म्हणून ‘चर्चेला नवा परिणाम लाभला’ आणि ‘औषधाचं परिमाण झालं’, दोन्ही कानाला खटकायला हवीत. पहिल्यात परिमाण हवं, दुसऱ्यात परिणाम.

आवृत आणि आवृत्त यांतला फरक एका अर्ध्या ‘त’चा. ‘आवरण’ आठवलं तर आवृत, झाकलेलं. त्याच्या उलट अनावृत, उघडं. पुतळ्याचं अनावरण होतं तेव्हा पुतळा अनावृत होतो, आणि सर्वांनी वाचावं असं लिहिलेलं ते अनावृत पत्र. ‘आवृत्ती’, ‘आवर्तन’ आठवलं तर आवृत्त, पुन्हा फिरून आलेलं. निवृत्त याच दुसऱ्या घरातला, म्हणून त्यात दोन त. ‘सेवानिवृत समारंभ’ असा फलक दिसला तर ‘निवृत्ती’ म्हणून बघा, दुसरा त आपोआप ऐकू येईल. आणि मुळात ‘सेवानिवृत्ती समारंभ’ किंवा ‘निरोप समारंभ’ लिहा. निवृत्त माणूस होतो, समारंभ नाही.

कोश कसा उघडायचा

शंका राहिलीच तर कोश बघावा. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ ची. दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ पासून खंडाखंडाने निघाला. दोन्ही आता शिकागो विद्यापीठाच्या कोशसंग्रहात इंटरनेटवर फुकट शोधता येतात. मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवा. हे कोश १९६२ च्या नियमांच्या आधीचे आहेत, त्यामुळे ‘कवि’, ‘पाणि’ हे तिथे ऱ्हस्वच सापडतील आणि अनुस्वारही जास्त दिसतील. ते लेखन जसंच्या तसं उचलायचं नाही. आणि नुसता अर्थ वाचून कोश मिटू नका, शब्द कुठून आला तेही बघा. तो संस्कृत आहे की फारसी की मराठीच, हे कळलं की वाकवण्याची कसोटी पुरी होते. मला स्वतःला कोशातला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

छापायला देण्याआधी मजकूर दोनदा वाचा. एकदा अर्थासाठी, एकदा फक्त शब्दांसाठी, मोठ्याने. वाकलेली रूपं आधी तपासा, कारण तिथे कान खरं सांगतो, आणि मग त्यांवरून सरळ रूपं लावा. सगळ्यांत मोठ्या टाइपातली ओळ शेवटी पुन्हा एकदा वाचा. बारीक मजकूर सगळे तपासतात, मथळा मात्र बरोबरच असणार असं प्रत्येकजण धरून चालतो, आणि ‘शिक्षक दीन’ नेमका तिथेच सुटतो.

माणसांच्या नावांना यातली कुठलीही कसोटी लावू नका. सलिल म्हणजे पाणी आणि सलील म्हणजे लीलेने, सहज, खेळकरपणे. दोन्ही सुंदर नावं आहेत. समोरच्या कुटुंबाने यांतलं कुठलं ठेवलं आहे, ते कोशात सापडत नाही. फोन करून विचारा, आणि ते सांगतील तीच वेलांटी द्या.